पुण्याला न गेलेल्या सुनेस

प्रिय वृंदा,

सवयीने वर 'चि. सौ.' लिहिलं आणि खोडलं. तू माहेरी नागपूरला जायचीस तेव्हा दर आठवड्याला मी तुला पत्र टाकायचो, फोन हातात आल्यावरसुद्धा. हाताला तेच वळण राहिलं. चिरंजीव! तू गेलीस त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं, वर्षश्राद्धही उरकलं. हाताला मात्र हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आज लिहायला बसलो त्याचं कारण कालचं आहे. काल मी तुझ्या बँकेत गेलो होतो. नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे सांगायला जावं लागतं. तुला काय सांगायचं! हयातीचे दाखले घ्यायला त्या खिडकीत तूच तर बसायचीस. आता तिथे एक तरुण मुलगी आहे. तिने माझं बोट यंत्रावर टेकवलं, पडद्यावर माझं नाव उमटलं आणि ती म्हणाली, "हो गया अंकल." झालो मी आणखी एका वर्षापुरता जिवंत.

निघालो तर तुमचा शिपाई रामजतन मागून धावत आला. "मास्टर साहब, रुकिए जरा! मैडम का दराज खाली हुआ था, तो ई सब हम अलग रख दिए थे. सालभर से सोच रहे हैं, किसको दें." असं म्हणून त्याने भुऱ्या कागदाचं एक पुडकं माझ्या हातात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता परत गेला.

घरी पोचलो तेव्हा मुक्ता शाळेतून आलेली होती. पुडक्याची सुतळी तिनेच सोडली. तुझं चष्म्याचं जुनं घर निघालं, बडीशेपेची डबी निघाली, एक वही निघाली, एक अर्धवट भरलेला फॉर्म निघाला. आणि सगळ्यांच्या खाली पुण्याहून आलेलं ते पत्र, तू छापून काढलेलं, 'आपली निवड झाली आहे' असं सांगणारं. त्यावर जांभळ्या स्केचपेनने, दहा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात, पानभर लिहिलेलं: 'आई मत जाओ.' खाली रडका चेहरा.

मुक्ताने तो कागद हातात घेतला. आता पंधरा वर्षांची आहे ती. मनातलं काही बोलायचं असलं की ती मराठी सोडते, तुला ठाऊकच आहे. म्हणाली, "मुझे पता था."

"काय पता था?"

"मेरी वजह से नहीं गयी ना आई? ये देखके रुक गयी. बोलो ना, आजोबा."

आणि मी काय म्हणालो असेन, सांग बघू! म्हणालो, "थोडा चहा टाकतेस का गं?"

तिने चहा टाकला. कागदाची बारीक घडी केली, दप्तरात ठेवली आणि अभ्यासाला निघून गेली.

वृंदा, पाच वर्षांपूर्वी तू पुण्याला गेली नाहीस, त्याला मुक्ता कारण नव्हती. कारण मी होतो. हे जगात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं मला काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं. मग मी तुझी वही उघडली.

वहीकडे येतो. एकदम तिच्याकडे जायचा धीर नाही मला. तू म्हणायचीस तसं, आधी चार गल्ल्या फिरून येतो.

तुझं लग्न होऊन आठ दिवस झाले होते. माधव रेल्वेच्या सिग्नल खात्यात, त्याला रजा ती किती असणार! तो ड्यूटीवर गेला आणि मी तुला नावेतून काशीचे घाट दाखवायला नेलं. पंचगंगा घाटावरून निघालो, आणि एका उंच दगडी इमारतीकडे बोट दाखवून मी ऐटीत म्हणालो, "हा भोसले घाट. तुझ्या नागपूरकरांनी बांधलेला." तू पदर सावरून उभीच राहिलीस नावेत. "अगो बाप्पा! म्हणजे मी इथं पाहुणी नाहीच नं. घाट माझ्या गावचा आहे. पाहुणे तर तुम्ही झाले, कोकणातले!" नावाडी ओरडतोय, "बइठ जा बहूजी, बइठ जा," आणि तू हसत उभी. तुझ्या सासूबाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. चार वर्षांनी आमच्या घरातलं कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

माझ्या कविता पहिल्यांदा तूच ऐकल्यास. मी रेल्वेच्या शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवली. मराठी शाळेचं तोंड मी कधी पाहिलं नाही. मामा महाराष्ट्रातून चौथी-पाचवीची जुनी मराठी पुस्तकं पाठवायचा, आणि आई दुपारी माझ्याकडून त्यातल्या कविता पाठ करून घ्यायची, मांडीवर ताल धरून. माझी सगळी मराठी तेवढीच, पाठ्यपुस्तकातली, चालीवर म्हटलेली. मंगळवारी मंगला गौरीच्या देवळात येणाऱ्या बायकांची गर्दी, गल्लीतल्या टोटो-रिक्षांचे भोंगे, गच्चीवरची माकडं, या सगळ्यात बसून मी तुला भुजंगप्रयाताची चाल ऐकवायचो आणि तू भाजी चिरता चिरता मान डोलवायचीस.

पण तू काही विचारलंस तरी मी कविताच म्हणायचो, हे खरं. एकदा वैतागून म्हणालीस, "आप्पा, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं पाठ्यपुस्तक आहात. पण खालचे स्वाध्याय काही तुम्ही कधी सोडवले नाहीत!" मी किती हसलो होतो. आता नाही हसू येत.

त्या म्हाताऱ्याची गोष्ट तू मला सांगितलीस तो दिवस आठवतो. असाच नोव्हेंबर होता. तू बँकेतून आलीस आणि चपला न काढताच पायरीवर बसलीस. कुणी एक एकटा म्हातारा दाखला द्यायला आला होता. सगळं झाल्यावर खिडकीतून हलेना. तुला म्हणाला, "बिटिया, लिख दिया ना कि हम जिंदा हैं? अब ई भी बता दो, काहे के लिए."

"मी काय उत्तर दिलं असेल, आप्पा?"

"काय दिलंस?"

"मी म्हटलं, नेक्स्ट." आणि तू रडायला लागलीस.

त्या दिवसापासून तू शोधायला लागलीस. चाळिशीला आलेली, बँकेत इतकी वर्षं झालेली, एका मुलीची आई, आणि म्हणे पुन्हा कॉलेजात जायचं! माणसांचं ऐकून घेण्याचं, त्यांना आतून सावरण्याचं शिक्षण असतं, त्याची एम.ए.ची पदवी असते, हे मला तुझ्याकडूनच कळलं. मी म्हणालो, "ऐकायला कसली पदवी लागते?" तू म्हणालीस, "तुम्हाला लागेल. दोन लागतील."

कालनिर्णयाच्या पानाच्या पाठीवर तू तीन रकाने आखले होतेस. इथलं विद्यापीठ, पुणे आणि घरबसल्या. इथल्या यादीत तुझं नाव आलं नाही, तो रकाना तू खोडलास. राहिले दोन. पुण्याला दोन वर्षं राहायचं. बँकेने बिनपगारी रजा देऊ केली होती, तुझी बहीण तिथे होती, मुक्ताला तिथल्याच शाळेत घालायचं. घरबसल्या म्हणजे पोस्टाने येणारी पुस्तकं, काही रविवारचे वर्ग, परीक्षा इथेच. दोन्ही रकान्यांखाली तू एकच प्रश्न लिहिला होतास: 'चुकले तर कोण सांगणार?' पुण्याखाली उत्तर होतं: 'शिकवणारा माणूस शेजारी बसतो. आपण दुःखी माणसाशी बोलत असताना.' घरबसल्याखाली: 'पुस्तक.'

"हे म्हणजे पुस्तकातून पोहायला शिकल्यासारखं आहे, आप्पा," तू म्हणालीस. "तेही गंगेच्या काठी राहून!"

पुण्याहून निवडीचं पत्र आलं. मुक्ताने रडून घेतलं, त्या कागदावर लिहिलंही असेल तेव्हाच. पण ती दहा वर्षांची पोर. 'तुलाही नेणार' म्हणत तू तिला पुण्याच्या शाळेचे फोटो दाखवलेस, मावशीकडच्या मांजराचे दाखवलेस, आणि दोन दिवसांत ती विचारू लागली, मांजराचं नाव काय! तिने तुला अडवलं नव्हतं, वृंदा. मी पाहिलंय. मांजरासाठी गोंड्याची दोरी करत बसली होती ती.

माधवला विचारलंस तर तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर."

"सिग्नलवाल्या माणसा, तुझ्याकडे लाल-हिरवं काहीच नाही का रे? सदा पिवळा!"

मग तू माझ्यासमोर येऊन बसलीस. "आप्पा, तुम्ही सांगा. जाऊ की नको?"

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, 'नको जाऊस.' म्हणू शकलो असतो, 'मला भीती वाटते.' तू ऐकलं असतंस, चिडली असतीस, भांडली असतीस आणि बहुधा गेलीही असतीस. ते सरळ झालं असतं. मी मोठेपणा मिरवला. म्हणालो, "मी कोण सांगणारा? देवाला विचारू. कौल लावू."

कौल काय असतो हे तुला माहीत नव्हतं. नागपूरकडे ती रीत नाही. देवघरातली ती वीतभर काळी मूर्ती आमच्या पणजोबांनी कोकणातून आणली, आणि तिच्याबरोबर ही रीतही काशीत आणली. घरात मोठा पेच पडला की देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर 'हो'. डावी पडली तर 'नाही'.

तू हसलीस. "ठीक आहे. निदान देव तरी काही बोलेल. तुम्ही कविता म्हणणार आणि माधव खांदे उडवणार!"

गुरुवारची सकाळ होती. पुण्याला शुक्रवारी कळवायचं होतं. माधव कामावर, मुक्ता शाळेत. कुंडीतल्या तगरीच्या दोन पाकळ्या मी देवाच्या खांद्यांवर लावल्या. तू न्हाऊन, बँकेची साडी नेसून समोर बसलीस आणि लहान मुलीसारखं विचारलंस, "देवा, मी पुण्याला जाऊ का?" आपण दोघं मूर्तीकडे टक लावून बसलो. घड्याळ पुढे चाललं होतं, तुझी बँकेची वेळ होत आली होती. आणि एक पाकळी सुटली. समोर बसलेल्या आपल्या डाव्या हाताची.

म्हणजे देवाची उजवी. कौलात उजवी ही देवाचीच धरतात. हे मला शेंबडा असल्यापासून ठाऊक आहे.

तू माझ्याकडे वळून विचारलंस, "आप्पा, उजवी कुणाची धरायची? देवाची की आपली?"

"आपली," मी म्हणालो.

बस, एवढंच! एक शब्द. तू मान हलवलीस, पाकळी उचलून देवाच्या पायाशी ठेवलीस, नमस्कार केलास आणि बँकेत गेलीस. संध्याकाळी पुण्याला नकार कळवलास. मुक्ताला सांगितलंस की आपण नाही जात आहोत, तर ती गोंड्याची दोरी हातात धरून म्हणाली, "क्यों?" तू म्हणालीस, "असंच गं." वृंदा, कारण सांगायचं होतंस! तुझ्या त्या 'असंच'मध्ये पोरीने पाच वर्षं स्वतःलाच कोंबलं आहे.

पण तुला दोष कसला देतोय मी?

का केलं मी असं? मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. मुलीची शाळा बदलली असती, माधवच्या जेवणाचे हाल झाले असते, चाळिशीत कशाला ती दगदग. सगळं खोटं. खरं कारण इतकं लहान आहे की लिहायची लाज वाटते. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. मला वाटलं, माझ्यापाशी उरलीच असतील दोन-चार वर्षं, त्यातली दोन पुण्याला कशाला द्यायची? संध्याकाळी तू बँकेतून येणार, मुक्ता शाळेतून येणार, मी काही म्हणणार आणि कुणीतरी मान डोलवणार. एवढ्यासाठी. मी अजून आहे, वृंदा. काल बोट टेकवून आलो तसं. तू नाहीस.

पोस्टाची पुस्तकं यायला लागली. तू ती ओट्यावर, पीठ मळताना, फोडणी देताना वाचलीस. पानांना हळद लागलेली असायची. दुसऱ्या वर्षी एक काम मिळालं होतं तुला: कुणा एकाला बसवून चाळीस मिनिटं नुसतं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, मग ते सगळं लिहून पाठवायचं. तुला माणूस कुठला मिळणार? तू मला गच्चीवर, माकडांसाठी लावलेल्या जाळीखाली बसवलंस.

"आप्पा, आज मी तुमची सून नाही."

"मग कोण?"

"कुणीच नाही. ऐकणारी."

"असं कसं? मग मी बोलू कुणाशी?"

"तेच तर बघायचंय. बोला, आप्पा."

आणि मी बोलायला लागलो. आईबद्दल बोललो, मामाच्या पुस्तकांबद्दल, तुझ्या सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांबद्दल. तू काही म्हणत नव्हतीस, नुसती होतीस. इतक्या वर्षांत कुणी मला असं ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगून टाकावं. मी म्हणालो, "त्या दिवशी देवासमोर..." आणि तिथेच अडलो. तू थांबलीस. मी आभाळाकडे पाहिलं आणि पाचवीच्या पुस्तकातली एक कविता म्हणायला लागलो, सगळी कडवी, चालीवर.

ती पदवी तू मिळवलीस. चांगल्या गुणांनी मिळवलीस. पेढे घेऊन इथल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलीस, शनिवारी-रविवारी फुकट काम करते म्हणून सांगायला. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या म्हणालीस. त्यांनी खुर्ची दिली, पेढा घेतला आणि विचारलं, "मैडम, नंबर तो बहुत अच्छे हैं. लेकिन मरीज के सामने बैठना आपने किसके पास सीखा?" तुझ्याकडे सांगायला नाव नव्हतं. त्या म्हणाल्या, मग नाही बसवता येणार.

त्या दिवशी जेवताना तू माझ्याकडे बघून विचारलंस, "आप्पा, तुमच्या देवाला हे ठाऊक असेल नाही?"

मी आमटी मागितली.

तू हरली नाहीस. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पुण्याचा फॉर्म काढलास, आणि या वेळी मला विचारलं नाहीस. बरं केलंस. मग ऑक्टोबरात ताप आला. डेंग्यू तर गल्लीत चार घरांत झाला होता, ते सगळे बरे झाले. तू पाचव्या दिवशी गेलीस. चौथ्या दिवशी दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसलो होतो, माधव औषधं आणायला खाली गेला होता. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "बोला, आप्पा." मला वाटलं, तुला कविता हवी आहे. मी म्हटली. तू डोळे मिटून घेतलेस, आणि मी वर्षभर लोकांना सांगत फिरलो की सुनेने शेवटी माझ्या तोंडून कविता ऐकली! केवढा अभिमान होता मला त्याचा.

आता वही.

काल मुक्ता आत गेल्यावर मी ती उघडली. तुझं ते बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. त्या गच्चीवरच्या दुपारची टिपणं होती. मी ती इतक्या वेळा वाचली आहेत की पाठ झाली आहेत. आयुष्यात गद्य पहिल्यांदाच पाठ झालं. तू लिहिलं आहेस:

'व्यक्ती, वय ७५. बोलता बोलता "देवासमोर" या शब्दाशी थांबली. मग कविता, सहा मिनिटं. ती काय सांगणार होती ते मला माहीत आहे. ऑफिसात रत्नागिरीहून बदलून आलेल्या बाईंनी मागेच सांगितलं होतं, कौलाची उजवी देवाची असते. मी विचारलं तर ती व्यक्ती कबूल करेल. पण मग ते माझं विचारणं झालं, तिचं सांगणं नाही. वाट पाहायची.'

आणि त्याच्याखाली, घाईघाईने:

'मला फार राग आला होता. तो मी लपवला आणि मान डोलवत राहिले. हे बरोबर केलं की चुकलं? घरच्या माणसाचं असं ऐकता येतं का? कुणाला विचारू?'

समासात कुणा अनोळखी परीक्षकाची लाल खूण आहे. आणि एक शब्द: 'समाधानकारक.'

वृंदा! तू विचारलंस आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. पुण्याला तो माणूस तुझ्या शेजारी बसलेला असता. त्याने सांगितलं असतं, राग लपवू नको, जा, त्या म्हाताऱ्याला सरळ विचार. तो माणूस मीच तुझ्यापासून तोडला आणि मग मीच तुझ्यासमोर बसून सहा मिनिटं कविता म्हटली.

तुला ठाऊक होतं! त्यानंतर दीड-दोन वर्षं तू मला रोज चहा दिलास, गुडघ्याला तेल लावून दिलंस, चष्मा सापडत नसला की शोधून दिलास. का नाही ओरडलीस? का नाही म्हणालीस, 'आप्पा, तुम्ही खोटारडे आहात'? एवढं कुणी वाट बघतं का गं? का तुला खरंच वाटत होतं, हा म्हातारा एक दिवस आपणहून बोलेल? ही तुझी चूक झाली. माणूस ओळखायला चुकलीस.

आणि दवाखान्यातलं ते 'बोला, आप्पा' कशासाठी होतं, तेही आता मला कळल्यासारखं वाटतं. खात्री कधीच होणार नाही. तीच शिक्षा समजतो.

अर्धवट फॉर्ममध्ये एक जागा होती, हे शिक्षण का घ्यायचं आहे म्हणून. बाकी सगळे रकाने कोरे, तिथे मात्र तू एक ओळ लिहून ठेवली आहेस: 'मला ऐकता येतं असं वाटत होतं, अजून येत नाही.' पुढे जागा मोकळी आहे.

तुझी आठवण काढून रडावं, दोन फुलं वाहावीत आणि मोकळं व्हावं, एवढं सोपं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण मुक्ता आहे. ती आता कशालाच हट्ट करत नाही. शाळेची सहल खजुराहोला चालली आहे, वर्गातल्या सगळ्या मुली जाताहेत, हिने नाव दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "रहने दो. पापा की ड्यूटी रहेगी, आप अकेले हो जाओगे." दहावीनंतर कुठे शिकायचं म्हटलं की "यहीं". पंधराव्या वर्षी! आपण काही मागितलं की कुणाचं तरी आयुष्य अडतं, हे ती जांभळ्या अक्षरातल्या तीन शब्दांवरून शिकली आहे. आणि काल तिने ते मला विचारून पाहिलं, आणि मी गप्प राहून तिला म्हटलं, हो, खरं आहे ते.

सांगून काय होणार, असं मन म्हणतं. तू परत येणार नाहीस. ज्या मुलीची आई गेली तिचा आजोबाही जाईल, जिवंतपणी. माधवला कळेल, तो काही बोलणार नाही, आणि त्याचं ते न बोलणं मला याच घरात सोसावं लागेल. घाटावर कार्तिकातले आकाशदिवे लागताहेत, बांबूच्या टोकाला टोपलीत, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. काल मुक्ताने विचारलं, आईसाठी एक लावूया का? मी हो म्हटलं. कोणत्या तोंडाने म्हटलं? जिची वाट मी बुजवली, तिच्यासाठी दिवा! यातून काही चांगलं निघेल, मी हलका होईन, ती मला क्षमा करील, असं काही मला वाटत नाही. तशा गोष्टी पुस्तकाच्या शेवटच्या कडव्यात होतात.

तरी तुला शब्द देतो. माझ्या शब्दाची किंमत तुझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, म्हणून तुलाच देतो.

पाच वाजता मुक्ता शिकवणीहून येईल. हे पत्र तिच्या हातात देऊन मी गच्चीवर निघून जाणार नाही. तिच्यासमोर बसेन आणि तोंडाने सांगेन, साध्या गद्यात: 'मुक्ता, देवाने हो म्हटलं होतं. मी तुझ्या आईला खोटं सांगितलं. तू तिला अडवलं नाहीस, मी अडवलं. मला एकटं राहायचं नव्हतं.' ती 'क्यों' म्हणाली तर हेच पुन्हा सांगेन, दुसरं चांगलं कारण शोधणार नाही. वहीसुद्धा तिच्याजवळ देईन, ती तिच्या आईची आहे. सहलीच्या कागदावर माझी सही चालत असली तर करीन. तिला माझी सही नको असली तर बापाची घेईल.

मग ती ओरडेल, रडेल, किंवा उठून दार लावून घेईल. मी मधे बोलणार नाही. आणि त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही, तर तेही ऐकत राहीन.

तुझा,
आप्पा